सदतीस अक्षरांची कमान

कमानीवर नाव गोल बसवायचं, एवढंच काम होतं.

सालईटोल्याच्या बुद्धविहारापुढे दोन खांब उभे होते. त्या खांबांवर मंगरू वेल्डरने अर्धगोल वाकवलेले पाइप बसवले होते आणि पाइपांच्या मधली जागा रिकामी होती. तिथे लोखंडी पत्रा ठोकावा आणि पेंटरकडून त्यावर विहाराचं नाव लिहून घ्यावं, असं बैठकीत ठरत आलं होतं. तेवढ्यात रत्नपाल उभा राहिला. बैठकीत माणूस उभा राहिला की पुढे काहीतरी गंभीर घडतं, याचा सालईटोल्याला अनुभव होता. रत्नपालला नव्हता, कारण तो पहिल्यांदाच उभा राहत होता.

रत्नपाल तिरोड्याच्या एका खासगी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचा. आधी वीस वर्षं लाकडी बोर्डावर शिकवलं आणि गेली चार वर्षं, म्हणजे २००६ पासून, कॉम्प्युटरवर. गावातलं कुणी कॉम्प्युटर म्हटलं की त्याच्याकडे बघायचं आणि त्याला ते आवडायचं. हे आवडणं त्याने आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

"पेंटरचा रंग दोन पावसाळे टिकते," तो म्हणाला. "आपण अक्षरं पत्र्यातून आरपार कापून घेऊ. मी कॉम्प्युटरवर कमानीचं मॉडेल करतो, नाव तिच्या गोलाईवर बसवतो, मशीन कापून देते. पन्नास वर्षं कोणी पुसू शकत नाही."

अध्यक्ष सेवकरामजी रेल्वेतून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"पन्नास वर्षं?"

"कमीत कमी."

पुढचं जे काही झालं, ते या पन्नास वर्षांनी केलं. पेंटरने लिहायच्या नावात कुणाला रस नव्हता. पन्नास वर्षं न पुसल्या जाणाऱ्या नावात मात्र सगळ्यांना रस निर्माण झाला, आणि तो रातोरात झाला.

खरं तर कमान होत होती ती बायकांच्या मुठीवर. रमाई महिला मंडळातल्या बाया रोज भाताचं आधण ठेवताना तांदळातली एक मूठ बाजूला काढून मडक्यात टाकायच्या. पौर्णिमेला सगळ्यांची मडकी विहारात रिकामी व्हायची. नऊ वर्षं हे चाललं. ज्या घरात सांजेला भाताचीच पंचाईत असायची, त्या घरातूनही अर्धी मूठ निघायची. त्या तांदळाचे खांब झाले, त्याच तांदळाचे पाइप झाले आणि आता त्याचाच पत्रा होणार होता. मुठीची ही चाल सुरू करणारी बाई म्हणजे रत्नपालची आई, कुसुमबाई.

कुसुमबाई अक्षरं शिकली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. आता ती पंचाहत्तरीत होती आणि वाचताना अजून बोट लागायचं. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं, ती तोंडातल्या तोंडात ते फोडायची आणि मगच पुढे जायची. स्वतःचं नाव तिने आजवर रेशन कार्डावर आणि मतदार यादीत पाहिलं होतं. दोन्हीकडे ते नवऱ्याच्या नावाला टेकून उभं होतं.

"रतन," बैठकीनंतर तिने विचारलं, "आमच्या मंडळाचं नाव लिहशील ना बा त्याच्यात?"

"लिहतो ना माय. तुमचीच तं कमान होय."

"मले वाचता आलं पाह्यजे, तसं लिह."

"हाव."

असा शब्द देऊन रत्नपाल कॉम्प्युटरपुढे बसला.

त्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर गोलाईवर बसवण्याची सोय होती. गोलाई दाखवायची, मजकूर टाइप करायचा, की तो आपोआप वळून बसतो. सरावासाठी रत्नपालने तिरोड्याचं नाव इंग्रजीत टाइप केलं आणि ते एका क्लिकसरशी वळलं. त्याने अलकाला, म्हणजे बायकोला, स्वयंपाकघरातून हाक मारून ते दाखवलंसुद्धा. मग त्याने मराठी टाकलं. सॉफ्टवेअरने काना वेगळा मोजला, वेलांटी वेगळी मोजली, उकार वेगळा मोजला आणि सगळ्यांना सारख्या अंतरावर उभं केलं. विहाराची वेलांटी बुद्धांच्या डोक्यावर जाऊन बसली.

मग रत्नपालने हाती काम घेतलं. एकेक अक्षर काना-मात्रेसकट बांधायचं, हव्या तेवढ्या अंशातून फिरवायचं आणि गोलाईवर नेऊन ठेवायचं. चार अक्षरं बसली की वीज जायची, कारण सालईटोल्यात दिवसाचं भारनियमन होतं. दहा मैलांवर विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या चिमण्या गच्चीवरून दिसायच्या. अंधारलेल्या कॉम्प्युटरपुढे बसून रत्नपाल त्या चिमण्यांकडे बघायचा.

अक्षरं बसली, पण शिरोरेषा तुटली. प्रत्येक अक्षर आपली सरळ रेघ डोक्यावर घेऊन फिरलं होतं, त्यामुळे दोन अक्षरांच्या मध्ये बोटभर फट पडत होती. ती जोडायला त्याने दोन रविवार घातले. जोडलेली रेघ कुठे जाड व्हायची, कुठे बारीक व्हायची, आणि जोड जमत आला की वीज जायची.

"अवो, अजून अक्षरांची डोकी जोडूनच राहिले का?" अलका म्हणायची. "भात थंडा झाला."

एका दुपारी गोवर्धन आला. विहाराला लागून त्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, होती, आणि शेजाऱ्याच्या कामात सल्ला द्यायचा हक्क तो बांधाइतकाच पक्का मानायचा. स्क्रीनजवळ नाक नेऊन त्याने बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, हे अक्षरं एकमेकाचा हात सोडून काऊन उभे आहेत?"

"गोलाईमुळं. सरळ रेघ गोलावर बसत नाही."

"मंग असं करा. पहिले सरळ लिवा. मंग बांबू वाकवतो तसं विस्तवावर धरा अन् वाकवा."

रत्नपालने त्याला त्रिज्या समजावून सांगितली, अंश समजावून सांगितले, अक्षराचा मध्यबिंदू कागदावर काढून दाखवला. त्यात अर्धा तास गेला. गोवर्धनने सगळं मान हलवत ऐकलं, चहा घेतला आणि उठताना म्हणाला, "म्हणून म्हणतो, विस्तवावर धरा."

रत्नपालने फटी तशाच राहू द्यायचं ठरवलं. चोवीस वर्षं ज्याने पोरांना रेघ तुटू देऊ नका म्हणून शिकवलं, त्याच्या जिवाला हे फार लागलं. पण बुद्धपौर्णिमा जवळ येत होती.

पहिल्या ड्रॉइंगमध्ये दोन ओळी होत्या. वर मोठ्या अक्षरांत 'तथागत बुद्ध विहार, सालईटोला' आणि तिच्या पोटात दुसऱ्या गोलाईवर 'रमाई महिला मंडळ'. हे ड्रॉइंग चार दिवस जगलं. पाचव्या दिवशी सेवकरामजी आले आणि म्हणाले की अध्यक्षाचं नाव घालायची तशी आपली इच्छा नाही, पण लोक म्हणून राहिले. कोणते लोक, हे विचारायची पद्धत नव्हती. मग 'युवक मंडळ' आलं. या मंडळातला सगळ्यात लहान युवक बेचाळीस वर्षांचा होता. मग कुणीतरी म्हणालं की गोवर्धनने रेतीचा ट्रॅक्टर आणून दिला, तो आपल्या समाजाचा नाही, तरी त्याला कसं विसरायचं? आणि त्याच्यासाठी 'सर्व हितचिंतक' आलं. पाइप आधीच वाकवून बसलेले, कमान काही लांब होणार नव्हती. अक्षरं सदतीस झाली आणि बारीक होत होत अर्ध्या वितीची उरली. 'अध्यक्ष मा. सेवकरामजी' एवढंच बसलं, आडनाव तर मावलंच नाही.

रत्नपालने कागद जोडून जोडून पूर्ण कमानीचा नकाशा विहाराच्या भिंतीवर चिकटवला. सेवकरामजी मान डाव्या खांद्यावर टाकून त्याच्यापुढे उभे राहिले.

"मास्तर, मी निजून राहिलो आहे काय?"

"नाही, सेवकरामजी. तुमचं नाव कमानीच्या पायथ्याशी आहे. तिथं अक्षरं आडवी होतात. गोलाईच आहे ती."

"मंग 'बुद्ध' कसं सरळ उभं आहे?"

"ते मधात आहे."

बुद्धांना मधून हलवा असं म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती. पण वादाला तोंड फुटलं होतं. युवक मंडळाचं म्हणणं पडलं की अध्यक्ष निजलेले का होईना, वर चढून राहिले. आम्ही उजव्या बाजूला आहो, आम्ही खाली घसरून राहिलो. सेवकरामजी म्हणाले, मग बाजू बदला. युवक म्हणाले, निजायचं असेल तर आम्हाला नको. कमानीवर सरळ उभं राहायची जागा एकाचीच असते आणि बाकी सगळ्यांनी थोडंफार झुकायचं असतं, हे रत्नपालने भूमितीच्या आधाराने सांगून पाहिलं. ते भूमितीतलं विधान आहे हे कुणी मानलं नाही.

यानंतर समिती रत्नपालच्या घरीच येऊन बसायला लागली. माऊस त्याच्या हातात असायचा आणि बोटं सगळ्यांची स्क्रीनवर. नाव अर्धा अंश वर घ्या, एक अंश खाली घ्या. असंच एकदा सेवकरामजी म्हणाले, "मास्तर, ते खालची ओळ जराशी बंद करा. तिच्यानं वरचं नीट दिसत नाही."

ही खालची ओळ म्हणजे रमाई महिला मंडळ.

अशा ड्रॉइंगमध्ये प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर ठेवतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. प्रत्येक थराच्या नावापुढे एक बारीक दिवा असतो. दिवा विझवला की तो थर दिसेनासा होतो. तो असतो, पण दिसत नाही. रत्नपाल हे पोरांना दरवर्षी शिकवायचा आणि वरून बजावायचा की काम संपवताना सगळे दिवे तपासून घ्या. त्याने महिला मंडळाचा दिवा विझवला. वरची ओळ खरंच स्वच्छ दिसायला लागली.

नंतर चौदा वेळा ड्रॉइंग बदललं. चौदाही वेळा सगळे आपापल्या नावासाठी भांडले आणि महिला मंडळातर्फे कुणी भांडायला आलं नाही, कारण त्यांना शब्द मिळाला होता. कुसुमबाई रोज संध्याकाळी एकदा तेवढं विचारायची.

"आमचं आहे ना रे त्याच्यात?"

"आहे माय."

आणि ते होतं. फाईलमध्ये होतं.

पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात रत्नपाल फाईल घेऊन तिरोड्याहून गाडीने गोंदियाला गेला. मुन्नालाल नावाच्या माणसाचं तिथे वर्कशॉप होतं. राइस मिलच्या चाळण्या आणि नळ्या बनवायचं काम, पण पत्रा कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन त्या भागात त्याच्याकडेच होतं. मुन्नालालने फाईल उघडली, अंगठ्याने कपाळ खाजवलं आणि विचारलं, "सरजी, ब्रिज नहीं दिए आपने?"

रत्नपालला ब्रिज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण मुन्नालाल सातवी शिकलेला होता, रत्नपाल ड्रॉइंगचा मास्तर होता आणि बाजूला वर्कशॉपची तीन माणसं उभी होती.

"नाही दिले," तो म्हणाला. "मुद्दामच नाही दिले."

"सोच लीजिए. पेट गिर जाएगा."

"गिरू द्या."

मशीन सुरू झालं. निळी ज्योत पत्र्यावरून फिरायला लागली आणि 'व' च्या पोटातला गोल टपकन खाली पडला. मग 'क' चा पडला. मग 'म' चा चौकोन पडला. आरपार कापलेल्या अक्षराच्या पोटाला धरून ठेवायला बाजूच्या पत्र्याची बारीक पट्टी सोडावी लागते, तिलाच ब्रिज म्हणतात, हे रत्नपालला त्या घटकेला समजलं. 'सेवकरामजी' मध्ये पोटाची अक्षरं तीन. तिन्ही नुसती भगदाडं झाली होती. तो शेवटपर्यंत बघत उभा राहिला. पत्र्याच्या खालच्या अंगाला वीतभर जागा कोरी राहिली होती. ती कोरी का, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण त्याचं सगळं लक्ष पोटांकडे होतं.

"यह भंगार छोड़ जाओगे न?" मुन्नालालने पायाने दाखवलं. पत्र्यातून निखळलेली अक्षरं खाली ढिगाने पडली होती. शिरोरेषा जोडलेली असती तर अख्खा शब्द एकसंध निघाला असता. इथे प्रत्येक अक्षर सुटं पडलं होतं.

"नाही. घेऊन जातो. तांदळाचं लोखंड आहे."

मुन्नालालला काही समजलं नाही. त्याने ती अक्षरं एका बारदान्यात भरून दिली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी मंगरूने पत्रा वर चढवला. गाव गोळा झालं. सेवकरामजींनी आपल्या नावाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे मधात मधात काय झालं? उंदरानं कुरतडलं काय?" रत्नपालने खाली मान घालून सांगितलं की चूक माझी आहे, पोटं पडली. मग गोवर्धनने सर्वांना सांगितलं की विस्तवावर धरा म्हणून आपण पहिलेच बोललो होतो.

तेवढ्यात मंडळाच्या बाया आल्या. धुतलेली पांढरी पातळं नेसून आल्या होत्या. कुसुमबाई सगळ्यांच्या पुढे होती. बाकीच्यांपैकी फार थोड्यांना वाचता येत होतं, तेव्हा वाचायचं काम तिचंच. तिने बोट वर केलं आणि डाव्या खांबापासून सुरुवात केली. अक्षर जसं झुकेल तशी तिची मान झुकत होती. बोट हवेत कमानीवरून सरकत होतं आणि त्याबरोबर ती एकेक पाऊल बाजूला टाकत होती. पोटं पडलेल्या अक्षरांशी ती अडायची, अंदाज घ्यायची आणि पुढे जायची. 'अध्यक्ष' ला बराच वेळ लागला. गाव थांबून राहिलं. ती 'बुद्ध' पाशी आली तेव्हा मान सरळ झाली, तिने हात जोडले आणि पुन्हा बोट वर केलं. सालईटोला झालं, युवक मंडळ झालं, सर्व हितचिंतक झालं. बोट उजव्या खांबाला टेकलं.

"झालं?" तिने विचारलं.

तिने बोट खाली घेतलं.

"रतन, आमी कोठी आहो?"

रत्नपालने वर पाहिलं. वीतभर कोरा पत्रा. त्याच्या डोळ्यांपुढे तो विझलेला दिवा आला.

"माय, मी... दिवा लावायचं विसरलो."

हे वाक्य गावात कुणालाच कळलं नाही. कुसुमबाईलाही कळलं नाही. पण विसरलो एवढं तिला कळलं. ती रागावली नाही. रागावली असती तर रत्नपालला बरं वाटलं असतं.

"बरं," ती म्हणाली. "नाई तं नाई. चला वो बायांनो, उद्याच्या खिरीचं पाहू."

बाया गेल्या. जाताना कुणी वळून कमानीकडे पाहिलं नाही.

रत्नपालने मुन्नालालला फोन केला. मशीन आठ दिवस मिलच्या कामात गुंतलेलं होतं. तिरोड्याच्या पेंटरला फोन केला. तो लग्नाला गेला होता. मग तो नुसताच गोवर्धनच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बसला. ज्यांनी भांडून भांडून जागा घेतली त्यांची नावं राहिली, आणि जिने त्याच्यावर विश्वास ठेवला तिचं गेलं. ते घालवलं त्यानेच, स्वतःच्या हाताने, माऊसच्या एका टिचकीसरशी. त्याला रडू आलं. डोळे पुसून तो घरी आला तेव्हा ऊन उतरत होतं.

अंगणात बारदाना उपडा झालेला होता. कुसुमबाई मांडी घालून बसली होती आणि तिच्या मांडीवर एक अक्षर होतं. पदराच्या टोकाने ती त्याची काजळी पुसत होती.

"हा म होय ना?" तिने विचारलं.

"हाव."

"वरच्या म चं तं पोट फाटलं होतं. याचं चांगलं आहे."

रत्नपालने ते हातात घेतलं. खरंच, पत्र्यातून पडलेला तो 'म' अगदी नीट होता, पोटातल्या जागेसकट, कोपऱ्यांसकट. पत्र्यात बिघडलं होतं ते सगळं इथे शाबूत होतं. त्याने आईकडे पाहिलं. आई दुसरं अक्षर शोधत होती.

"ई पाह्यजे," ती म्हणाली. "ई कायच्यात राहते?"

"सालईटोल्यात!" रत्नपाल ओरडलाच.

अलका धावत बाहेर आली. मंडळाच्या दोघीतिघी खीर सोडून आल्या. मग चारजणी आल्या. ढीग अंगणभर पसरला गेला आणि सुपातले खडे निवडावेत तशा त्या बाया अक्षरं निवडायला लागल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्याही, कुसुमबाईने जमिनीवर काडीने आकार काढून दिला की बरोब्बर तसंच उचलून आणत होत्या. विहारातला 'र' निघाला. अध्यक्षांच्या नावाआधीचा, माननीयचा 'मा' निघाला. सालईटोल्यातून 'ई' आणि 'ला' निघाले, हितचिंतकांमधून 'हि' निघाला. युवक मंडळातलं 'मंडळ' तर तीन अक्षरांत तयारच होतं. सेवकरामजींच्या नावातला 'म' आधीच कुसुमबाईच्या मांडीवर होता. अनुस्वाराचा ठिपका मात्र सापडेना. तो मशीनच्या जाळीतून कुठेतरी पडून गेला होता.

अंगणाच्या कुंपणापलीकडून हे सगळं बघत असलेला गोवर्धन घरी गेला आणि परत आला. त्याच्या तळहातावर नांगराचा एक नट होता.

"हा चालते का?"

कुसुमबाईने नट 'म' च्या डोक्यावर ठेवून पाहिला. "चालते," ती म्हणाली.

मंगरूला बोलावलं. रत्नपाल सवयीने खिशातून पेन्सिल काढून म्हणाला, "माय, याची गोलाई किती घ्यायची ते—"

"गोल नको बापू," कुसुमबाई म्हणाली. "सरळ लाव. अन् वर नको. हात पुरला पाह्यजे."

म्हणून ती नऊ अक्षरं कमानीखालच्या फाटकाच्या आडव्या पट्टीवर बसली, छातीएवढ्या उंचीवर, एका सरळ रेघेत. रत्नपालने सूत धरलं, मंगरूने वेल्डिंगचे टाके मारले. अक्षरं एकमेकांना लावून बसवली तेव्हा डोक्यावरच्या फटी बुजल्या आणि त्याला दोन रविवारांत न जमलेली शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग झाली.

पौर्णिमेच्या सकाळी वंदनेसाठी पाहुणे जमू लागले. सेवकरामजी सगळ्यात आधी आले होते. फाटक ढकलायला त्यांनी हात लावला आणि हात तिथेच थांबला. त्यांनी चष्मा पुसला. अक्षरावरून अंगठा फिरवला.

"कुसुमबाई," ते म्हणाले, "हा म माझा होय."

"होय ना," कुसुमबाई म्हणाली. "वर तं तुमच्या नावाचं भोकच राहिलं. लोखंड सारं इथं आहे."

सेवकरामजी बाजूला झाले आणि त्यांनी बायांसाठी फाटक उघडून धरलं. कुसुमबाई आत जायच्या आधी वाकली आणि पहिल्या अक्षरावर तिने बोट ठेवलं. बोट सरळ सरकत गेलं, मान कुठे झुकवावी लागली नाही. नटापाशी बोट क्षणभर थांबलं. सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने नाव वाचलं आणि रत्नपालकडे पाहून मान हलवली.

घरी आल्यावर रत्नपालने कॉम्प्युटर सुरू केला. वीज होती. त्याने कमानीची फाईल उघडली, थरांची यादी काढली आणि रमाई महिला मंडळापुढचा दिवा लावला. खालची ओळ उमटली. आता त्यातलं काही कापायचं नव्हतं. तरी त्याने ती फाईल तशीच, दिवा लावून ठेवून, सेव्ह केली.